बाईंची हजेरी

आमच्या घरी वालाचं बिरडं करायचं ठरलं की मोड आलेल्या वालांची परात आपोआप माझ्यासमोर येते. मी पेणमध्ये पंचवीसहून जास्त वर्षं डॉक्टरकी करतोय, भिंतीवर दोन पदव्या टांगल्यात, पण पाहुण्यांसमोर बायको माझी ओळख करून देते ती अशी : "यांना वाल फार छान सोलता येतात. एक दाणा मोडत नाहीत." पाहुणे हसले की पुढे, "तेही एका बाईंनी शिकवलंय. माझ्याकडून काही शिकले नसते."

त्या बाईंबद्दल सांगायचं आहे. मुलगी म्हणते, "बाबा, सांगा, पण वाढवू नका." माझ्या गोष्टींचा घरात असा लौकिक आहे. मी आमच्या लग्नाची वरात सांगायला घेतली की दर खेपेला तिच्यात एक घोडा वाढतो. या गोष्टीत वाढवायची सोयच नाही. सगळं एका वहीत लिहिलेलं आहे आणि वही माझ्या टेबलावर आहे.

बाई रोह्याच्या. तिथल्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. उंचीने बेताच्या, चष्मा सतत नाकावरून घसरणारा, खांद्याला कापडी पिशवी आणि बाराही महिने हातात छत्री. डॉक्टरकीशी त्यांचा संबंध एवढाच, की आमच्या इथल्या डॉक्टर मंडळींनी एका वर्षी मराठी दिनाला त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. भाषणानंतर जेवण होतं, त्यामुळे हॉल भरलेला होता. बाई उठल्या, पिशवीतून भाषणाचे कागद काढले आणि म्हणाल्या, "सुरू करण्याआधी एक विचारते. आज सकाळी तुम्ही जे तिसरं माणूस तपासलंत, त्याचं नाव सांगा."

कोणीतरी म्हणालं, "तिसरा बहुतेक बीपीचा होता." आमचे सर्जन म्हणाले, "माझी तिसरी गॉलब्लॅडर होती."

बाईंनी कागदांची घडी घातली, पिशवीत ठेवली. "मग भाषण नको," म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते."

आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी बाई खरोखरच रोह्याहून गाडीने पेणला उतरल्या, छत्री उघडून चालत हॉलवर आल्या आणि सेक्रेटरीला फोन लावून किल्ली मागवली. त्या दिवशी वर्गाला तिघे होते. सेक्रेटरी, कारण किल्ली त्याच्याकडे होती. एक नवीन डॉक्टरीण, कारण नाही म्हणता येतं हे तिला अजून ठाऊक नव्हतं. आणि मी, कारण घरी सासरची मंडळी आली होती. तेव्हापासून नऊ वर्षं बाई येत राहिल्या. तिघांचे पाच झाले, पाचांचे पंधरा झाले. काही रोह्याहूनही यायचे, म्हणजे बाईंच्याच गाडीने, आणि सांगायचे की गाडीतच अर्धा वर्ग होतो.

त्या हे का करत होत्या, यावर आमच्यात बरेच तर्क चालायचे. घरातलं कोणी डॉक्टरच्या हातून गेलं असेल, असं एकाचं मत. मी एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं कॉलेजातली मुलं माझं ऐकत नव्हती. म्हटलं, आता न ऐकणारी मोठी माणसं बघावी."

वर्गाची सुरुवात हजेरीने व्हायची. पण "हजर" म्हणायचं नाही. नाव पुकारलं की गेल्या महिन्यात तपासलेल्या एका माणसाचं नाव सांगायचं आणि त्याच्याबद्दल अशी एक गोष्ट, जी केसपेपरवर लिहिलेली नाही. मिठागरात काम करणारी अमुक बाई, घरी आली की आधी पायांना खोबरेल लावते, मग मुलांना जवळ घेते. कासू गावचा अमुक, नातीच्या शाळेचा पाढा स्वतः पाठ करतोय. बाई ते वहीत लिहून घ्यायच्या. ज्याला सांगता आलं नाही, तो त्या दिवशी हजर असून गैरहजर.

वर्गात 'केस' हा शब्द उच्चारायला बंदी होती. माणसाला त्याच्या अवयवाच्या नावाने हाक मारायलाही. चुकून बोललात तर दंड. आणि दंड म्हणजे, बाईंच्या पिशवीतून स्टीलचा डबा निघायचा, त्यात मोड आलेले कडवे वाल. ते सोलायचे. त्या नऊ वर्षांत बाईंनी घरी स्वतः बिरडं सोललं असेल, असं मला वाटत नाही. आमच्या सर्जनने पहिल्याच दिवशी अकरा दाणे फोडले. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "माझं अपेंडिक्स तुमच्याकडे आणायचं नाही, हे आज ठरलं."

मी हजेरीत एकदा लबाडी केली. महिनाभर कोणाशी धड बोललो नव्हतो, नाव पुकारलं गेलं आणि तोंडातून आपोआप निघालं : कासूचे एक आजोबा आहेत, रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन गाडीच्या गार्डला हात करतात, कारण त्यांचा गेलेला मुलगा रेल्वेत होता. वर्ग हळहळला. नव्या डॉक्टरणीने तर रुमाल काढला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हा माणूस तुम्ही बनवलात."

"बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"खरा माणूस इतका सोयीचा नसतो. चांगला बनवलाय हं. गोष्टीत घाला, मी आवडीने वाचेन. हजेरीत मात्र खराच लागतो." आणि डबा माझ्याकडे सरकवला.

एकदा बाईंनी फर्मान काढलं की, पेणच्यांनी रोह्याच्या आणि रोह्याच्यांनी पेणच्या दवाखान्यात जाऊन रोग्यांच्या बाकावर बसायचं. ओळख द्यायची नाही. मी मास्क लावून, टोपी घालून रोह्यात अडीच तास बसलो. माझा एकतिसावा नंबर होता. बाकावरच्या एका आजींनी मला सल्ला दिला, "आत गेल्यावं पटापटा बोल रे बाबा, तो ऐकत नाय फार." आत गेलो. डॉक्टर लिहीत होते.

"काय होतंय?"

"काही नाही."

"किती दिवसांपासून?"

मान वर न करता त्यांनी मला व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. ही हकिकत मी पुढच्या वर्गात अगदी रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. मग मागच्या रांगेतून रोह्याचे तेच डॉक्टर उठले आणि शांतपणे म्हणाले, "मी मंगळवारी यांच्याकडे बसलो होतो. यांनी मला ॲसिडिटीची गोळी दिली." मला ते आल्याचं आठवतच नव्हतं. त्या दिवशीचे सगळे वाल आम्ही दोघांनी सोलले.

हे सगळं हसत सांगतोय, कारण पुढचं तितकं हसत सांगता येत नाही.

एका ज्येष्ठात बाई आम्हाला गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेल्या. पेणमध्ये जन्म काढलेल्या माणसाला गणपतीचा कारखाना काय दाखवायचा! पण बाईंना सगळं सोडून एकच काम दाखवायचं होतं : आखणी. म्हणजे डोळे काढायचं काम. सुरेखा नावाची गडब गावची एक बाई तिथे आखणी करत असे. तिने काय दाखवलं ते मला नंतर इतरांकडून कळलं. मूर्ती आपल्या नजरेच्या रेषेत घ्यायची, त्यासाठी आपण खालच्या पाटावर बसायचं. वरची पापणी सूतभर खाली उतरली तर देव पेंगुळलेला दिसतो, सूतभर वर गेली तर घाबरलेला. मला हे नंतर कळलं, कारण तेव्हा मी कारखान्याच्या दारात उभा राहून फोनवर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बोलत होतो. माणसाच्या आयुष्यात बॅटरी महत्त्वाची असते.

तीनेक आठवड्यांनी, पावसाच्या सकाळी, दवाखाना भरलेला असताना रामदास आला. पस्तिशीचा माणूस, घरची भातशेती आणि कंपनीत शिफ्ट. पहाटेपासून पोटात दुखत होतं, दोन उलट्या झालेल्या. मी उभ्याउभ्याच पोट दाबून बघितलं. मऊ होतं. रात्री काय खाल्लं विचारलं. "कोलंबी," म्हणाला. मला तेवढं पुरलं. ॲसिडिटीचं इंजेक्शन, गोळ्या, दुपारपर्यंत बरं वाटेल. त्याची बायको दाराशी उभी होती, एवढं आठवतं. ती कारखान्यातली सुरेखा आहे, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्या दोघांनी घर गाठलं. तासाभरात रामदासच्या पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं. सुरेखाने शेजाऱ्याची रिक्षा थांबवली आणि माझ्याकडे परत न येता त्याला थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दारातच सांगितलं, "यांचे डोळे पडलेत." तिथल्या डॉक्टरने बघितल्याबरोबर ओळखलं. मण्यार चावलेली होती. रामदास रात्री भाताच्या पोत्यांशेजारी जमिनीवर झोपला होता. मण्यार चावलेली बऱ्याचदा कळत नाही, खूण दिसत नाही. सकाळी पोट दुखतं आणि मग पापण्या उतरतात. हे आम्हाला शिकवलेलं असतं. भाताच्या मुलुखातल्या डॉक्टरला तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. रामदास चार दिवस श्वासाच्या मशिनवर होता. वाचला.

मला हे कळलं ते पंधरा दिवसांनी, रामदासचे वडील पेढे आणि नारळ घेऊन दवाखान्यात आले तेव्हा. सगळं सांगून म्हातारा म्हणाला, "तिथले डॉक्टर म्हनले, येळेवं आनला म्हनून वाचला. तुमीच आदी इंजेक्शन दिलंत ना, त्याच्यावंच दम धरला त्यानं." आणि माझ्या पायाला हात लावायला वाकला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या तोंडात पेढा होता.

पुढच्या तिसऱ्या रविवारी हजेरीत माझं नाव आलं. मी म्हणालो, "रामदास, गडब. मण्यार चावली होती. वाचला." टाळ्या पडल्या. सर्जनने पाठ थोपटली. बाईंनी विचारलं, "आणि कागदावर नसलेलं?"

"घरच्यांनी पेढे आणले."

सगळे हसले. बाईंनी ते लिहिलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं. "तपासताना तुम्ही बसला होतात की उभे?"

"उभा."

"बरं," म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

वर्ग संपला की आमच्यापैकी एकजण बाईंना सोडायला स्टेशनवर जायचा. त्या दिवशी पाळी माझी नव्हती, मी मागून घेतली. रोह्याकडच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून मी बाईंना सगळं सांगितलं. कोलंबी, ॲसिडिटी, पापण्या, पेढा. माझं संपल्यावर छत्रीच्या टोकाने फलाटावरचं एक पान बाजूला केलं आणि म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? मला कुठे साप चावलाय?"

गाडी आली. डब्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गडबला जाल तेव्हा फोन करा. मी येईन. बोलणार मात्र नाही."

मी दोन आठवडे गेलो नाही. सर्जनला विश्वासात घेतलं, तर तो म्हणाला, "वेडा आहेस का? माणूस वाचलाय, पेढे खाल्लेत, विषय संपला. उद्या गाव दवाखान्यावर चालून आलं तर बाई येणार आहेत का छत्री घेऊन?" त्याचं चूक नव्हतं. इतक्या वर्षांनी कमावलेलं नाव एका वाक्यात घालवायचं, तेही कोणी विचारलेलं नसताना. रात्री जेवताना बायकोनेच विषय काढला. "तुम्ही चौदा दिवस एकही गोष्ट सांगितली नाहीत," म्हणाली. "मला शांतता आवडते, पण एवढी नाही. काय असेल ते जाऊन बोलून या."

गणपती आठवड्यावर आले होते तेव्हा मी बाईंना फोन केला. त्या पेणला उतरल्या, माझ्या गाडीत मागे बसल्या, मांडीवर पिशवी. गडब आलं. गाडी थांबवली तेव्हा म्हणाल्या, "एकच सांगते. 'पण' म्हणायचं नाही. चूक सांगताना 'पण' आला की पुढे वकिली सुरू होते."

"तुम्ही येत नाही आत?"

"मला कामं आहेत," म्हणाल्या आणि पिशवीतून वालाचा डबा काढला.

घरात म्हातारा होता, रामदास होता. त्याचा आवाज अजून बसलेला, घशात घातलेल्या नळीमुळे. माझ्यासाठी खुर्ची आणली गेली, चहा आला. तेवढ्यात सुरेखा कारखान्यातून आली. नखांत काळा रंग. मी म्हणालो, सगळे आहात तर बोलतो.

"त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. तुम्ही ज्याबद्दल पेढे दिलेत ते मी केलेलं नाही. सापाचं आहे हे मला ओळखता यायला हवं होतं. मी डोळ्यांकडे बघितलं नाही. माझ्या इंजेक्शनाचा काही उपयोग नव्हता, आणि मी घरी पाठवल्यामुळे वेळ गेला. रामदास वाचले ते सुरेखाताईंमुळे."

'पण' तीनदा ओठांवर आला. पण गर्दी होती. पण खूण नव्हती. पण कोलंबी म्हणाले होते. तिन्ही वेळा मी चहाचा घोट घेतला.

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "मंग आमी पेढं कशाचं दिलं? आँ? तुज्या पाया पडलो मी!"

"आबा, बसा," रामदास म्हणाला.

"बसू काय? पोरगा जात व्हता माजा!"

मी खाली बघत होतो. मग सुरेखा बोलली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून जास्त लागला.

"मी सांगितलं व्हतं तुमाला."

"काय?"

"निगताना. दारात. मी म्हनलं, डॉक्टर, यांचे डोळे बरे नाय दिसत, पापन्या जड झाल्यात. तुमी म्हनलात, रात्री जागरन झालं असंल. आनि पुढच्याला बोलावलंत."

हे मी बाईंना सांगितलं नव्हतं, बायकोला नव्हतं, कोणालाच नव्हतं. लपवलं नव्हतं. मी ते ऐकलंच नव्हतं. माझ्या तोंडाने तिला उत्तर दिलं होतं आणि कानाला पत्ता नव्हता.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्या दिवशी मी जे जे बोललो त्यात सगळ्यात वाईट तेच होतं.

"आमी तुमच्याकडं कदी येत नाय," सुरेखा म्हणाली. "आमचा डॉक्टर दुसरा हाय. बाई तुमाला कारखान्यात घेऊन आलत्या ना, तवा बगितलं व्हतं मी तुमाला. दारात उबे, फोनवं. तरी मी म्हनलं, बाईंच्या बरोबरचा हाय, चांगला असंल. म्हनून यांना तुमच्याकडं आनलं."

मी मान हलवली.

"आता ऐकलंत ना?"

"हो."

"मंग जावा. आमी परत येनार नाय तुमच्याकडं. राग म्हनून नाय. भीती वाटंल."

बाहेर आलो. गाडीत बाई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांना स्वतःच्या हाताने वाल सोलताना मी पहिल्यांदा बघत होतो. आणि सांगायला हवं की त्यांना ते अजिबात येत नव्हतं. अर्धे दाणे मोडलेले. इतकी वर्षं आमच्यावर हसलेली बाई.

मी शेजारी बसलो आणि घरात जे झालं ते सांगितलं. दारातलं वाक्यही. बाईंनी डबा दोघांच्या मध्ये ठेवला.

"दंड?" मी विचारलं.

"नाही," म्हणाल्या. "मला येत नाहीत म्हणून."

हायवेच्या कडेला गाडी उभी करून आम्ही तो डबा संपवला. रोह्याची गाडी चुकली. मी त्यांना घरी सोडून आलो.

गाव काही दवाखान्यावर चालून आलं नाही. पण बोललं. म्हाताऱ्याने तीन दुकानांत सांगितलं, आणि गडबच्या तीन दुकानांत सांगितलेलं पेणला पोचायला वर्तमानपत्र लागत नाही. दोन महिने माझ्या बाकावर जागा दिसायची. त्या मोकळ्या वेळात मी एक काम केलं : कारखान्यात आखणीला वापरतात तसा बुटका पाट सुताराकडून करून घेतला, वर गादी घातली, आणि रोग्यांच्या खुर्चीसमोर ठेवला. मी त्याच्यावर बसतो. माझे गुडघे आता तक्रार करतात. रिसेप्शनवरची मुलगीही करते, की एकेका माणसाला तुम्ही फार वेळ लावता.

इकडे बाईंच्या डोक्यात दुसरंच चाललेलं होतं. त्या सुरेखाच्या मागे लागल्या, की आमच्या वर्गाला येऊन शिकव. तिने दोनदा नाही म्हटलं. "मी सातवी शिकलेली. डॉक्टरांना काय शिकवू?" बाई म्हणाल्या, "त्यांना दिसलं नाही ते तुम्हाला कसं दिसलं, तेवढंच." तिसऱ्यांदा ती हो म्हणाली, कारण, हे तिनेच नंतर सांगितलं, बाई कारखान्यात येऊन बसत आणि मुलींच्या कामात बोलत.

थंडीतल्या एका रविवारी ती आली. रामदास बरोबर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर प्लास्टरचा एक चेहरा निघाला, कानाशी तुटलेला, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा उंचवटा. नवीन मुलींना हात बसवायला ठेवतात तो. "मूर्तीवं चुकीचा डोळा काडायचा नाय," ती म्हणाली, "म्हनून ह्यो आनला." मग आमच्याकडे बघून, "खुर्च्या बाजूला करा. खुर्चीवरनं नाय दिसनार."

पंधरा डॉक्टर जमिनीवर बसले. सर्जनला उठताना हात द्यावा लागला, ते पुढचं. सुरेखाने कुंचला घेतला आणि दोन डोळे आखले. पाच मिनिटं लागली असतील. मग चेहरा आमच्याकडे वळवला. "एक डोळा बरा हाय, एक नाय. कुटला?"

आम्ही बघत राहिलो. दोन्ही सारखेच. सर्जन म्हणाला, उजवा. दोघांनी मान डोलावली. मी आणखी पुढे सरकलो, चेहऱ्याच्या समोर, नजरेत नजर येईल असा. मग दिसलं. केसभर. त्याहून जास्त नाही.

"डावा," मी म्हणालो.

"व्हय," सुरेखा म्हणाली. "आता दिसला."

वर्ग हसला. मीही हसलो, सगळ्यांच्या मागून.

त्या दिवशी बाईंनी हजेरी शेवटी घेतली. आमची नावं झाल्यावर चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "सुरेखाताई, आता तुम्ही. तुम्ही बघितलेलं एक माणूस सांगा. कागदावर नसलेलं."

ती जरा लाजली. कुंचला फडक्याला पुसला. मग माझ्याकडे न बघता बोलली. काय बोलली ते मी इथे माझ्या शब्दांत सांगत नाही.

बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी रोह्याला जायचो. पहिल्याच दिवशी मी पलंगाशेजारी उभा राहिलो तर म्हणाल्या, "खाली बसा, मला तुमच्या नाकपुड्या दिसतायत." त्यांच्या केसपेपरवर वय आणि 'स्त्री' एवढंच होतं, ते त्यांनी मागून घेऊन वाचलं आणि मला लिहायला लावलं : वाल आवडतात, सोलता येत नाहीत. त्या गेल्यावर त्यांच्या भाचीने कापडी पिशवी माझ्या हातात दिली. वही, डबा, छत्री. तिसऱ्या रविवारी आता हजेरी मी घेतो. रामदास अजूनही माझ्याकडे येत नाही. सुरेखा मात्र वर्षातून एकदा वर्गाला येते, आणि प्लास्टरचा चेहरा आमच्या हॉलच्या कपाटात आहे.

परवा वालांची परात समोर असताना मी वही उघडून सुरेखाच्या हजेरीचं पान बायकोला दाखवलं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे; आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्या वाक्यातलं एक अक्षर सुधारलं नाही.

"पेनचे डॉक्टर. आमच्या घरी आलते तवा कप बशीवं वाजत व्हता. चहा समदा बशीत सांडला. तरी बोलायचं संपल्याबिगर उठले नाय."

बायकोने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी असं नीट, समोर बसून.

"यात तुम्ही काही वाढवलं नाहीत ना?"

"अक्षर बाईंचं आहे," मी म्हणालो.